भिंतीला ओल, पण गळती सापडत नाही: फोडाफोडीआधी करायच्या तपासण्या

इमारतींच्या देखभालीचं काम करताना एकाच वाक्यासाठी मी सर्वांत जास्त वेळा जिने चढलोय: ‘भिंत ओली आहे, सगळे नळ पाहिले, कुठेच गळत नाही.’ बऱ्याचदा मी पोचेपर्यंत दोन-चार टाइल निघालेल्या असतात, आणि त्याही चुकीच्या जागच्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

चूक समजण्यासारखी आहे. डाग दिसतो तिथेच पाइप फुटला असणार, असंच कुणालाही वाटतं. पण पाणी सुटतं एकीकडे, पाइपाच्या अंगाने ओघळत जातं, टाइलखालच्या सिमेंटच्या थरात पसरतं आणि वाट मिळेल तिथून बाहेर येतं. बाथरूममधला सांधा गळतो आणि फुगते पलंगामागची भिंत. म्हणून ओल कुठे आहे याच्याआधी ओल केव्हा वाढते, हे मी विचारतो. खालच्या जवळपास सगळ्या तपासण्या या ‘केव्हा’चं उत्तर काढण्यासाठी आहेत. क्रम फुकटातल्यापासून खर्चिकाकडे लावलाय. मधली पायरी गाळून पुढे जाऊ नका, कारण पुढच्या तपासणीचा अर्थ आधीच्या उत्तरावर ठरतो.

लक्षणं

यातलं एक दिसलं तर लक्ष ठेवा. दोन-तीन एकत्र दिसली तर शोध सुरू करा.

- रंग फुगतो, पोपडे निघतात, मागे पांढरी पूड दिसते. भिंतीला लोणा लागला म्हणतात तो हाच. पाणी भिंतीतले क्षार घेऊन बाहेर येतं आणि उडून जातं, क्षार मागे राहतात. पूड झटकली आणि आठवड्याभरात परत आली तर पाणी अजून येतंय.
- बाथरूमच्या दाराची चौकट खालून फुगते, दार घासायला लागतं.
- भिंतीतल्या कपाटात कपड्यांना कुबट वास येतो, मागच्या फळीवर बुरशीचे ठिपके दिसतात.
- खालच्या घराच्या छतावर तपकिरी कडेचा गोल डाग पडतो. एकात एक अशी दोन-तीन वर्तुळं असतील तर छत ओलं होऊन वाळतंय आणि पुन्हा ओलं होतंय. हे फार उपयोगी लक्षण आहे, पुढे येईलच.
- टाकी लवकर रिकामी होते, पंप पूर्वीपेक्षा जास्त वेळा चालवावा लागतो किंवा वापर तेवढाच असून पाण्याचं बिल वाढतं.
- सगळं बंद असताना भिंतीतून बारीक ‘सस्स’ आवाज येतो.
- कुणी गरम पाणी घेतलं नाही तरी गिझर मधूनच चालू होतो, किंवा फरशीचा एखादा पट्टा अनवाणी पायाला कोमट लागतो.

आधी विजेचं बघा

ओल स्विचबोर्डाजवळ, दिव्याच्या पॉइंटजवळ किंवा गिझरच्या सॉकेटजवळ असेल तर त्या भागाचा एमसीबी (मीटरच्या बोर्डावरचा वीज तोडणारा स्विच) बंद करा आणि मगच पुढे जा. ओल आल्यापासून आरसीसीबी (वीज गळली की आपोआप पुरवठा तोडणारा स्विच) वारंवार पडत असेल, तर तो बिघडलेला नाही, आपलं काम करतोय. गळणारा विद्युतप्रवाह ३० मिलिअँपिअरच्या आसपास गेला की तो पडावा, अशीच घरगुती आरसीसीबीची रचना असते. त्याला बगल देऊन वीज चालू ठेवणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका. इलेक्ट्रिशियनला बोलवा, पाण्याचा शोध नंतर.

१. पेन्सिलची रेघ

माझ्याकडचं सर्वांत स्वस्त हत्यार. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा आणि तिच्यावर तारीख-वेळ लिहा. रोज सकाळी त्याच वेळेला बघा, कड सरकली असेल तर नवी रेघ ओढा. सोबत कागदावर दिवसभरातलं ठळक टिपा: कपडे धुण्याचं यंत्र केव्हा चाललं, आंघोळी केव्हा झाल्या, पाऊस होता का, घर बंद होतं का.

चार-पाच दिवसांत बहुतेक वेळा चारपैकी एक चित्र दिसतं.

ओल दिवसरात्र सारखीच वाढते, घर बंद असलं तरी वाढते: कायम दाबाखाली असलेल्या पाइपावर संशय. वापर झाला की वाढते, दोन दिवस गावाला गेलात की मागे हटते: सांडपाण्याचा पाइप, फरशीचे सांधे किंवा शॉवरकडे जाणारा तुकडा. छतावरची एकात एक वर्तुळं बहुधा याच गटातली. फक्त पावसात वाढते: हे नळकामच नाही, बाहेरच्या भिंतीची भेग, खिडकीची कड किंवा गच्ची बघा. थंडीत सकाळी दिसते आणि दुपारी जाते: हवेतलं दव.

हे चार दिवस लोकांना जड जातात. भिंत ओली असताना नुसतं बघत बसायचं, हे पटत नाही. पण ही वही हातात असेल तर माझा अर्धा शोध दारातच संपतो.

२. फॉइलचा तुकडा

दव आहे की आतली ओल, ही शंका उरली असेल तर भिंतीचा एक हातभर भाग कापडाने कोरडा करा. त्यावर ॲल्युमिनियम फॉइल किंवा जाड प्लॅस्टिक लावून चारही कडा टेपने घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस ठेवा. थेंब खोलीकडच्या बाजूला जमले तर खोलीतली दमट हवा थंड भिंतीवर येऊन पाणी सोडतेय. हवा खेळती ठेवली की भागतं. भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतूनच येतंय. दोन्हीकडे जमले तर दोन्ही. असंही होतं, कारण आतून ओली भिंत थंड असते आणि थंड भिंतीवर दवही धरतं.

३. मीटर किंवा टाकी

आता दाबाखालचा पाइप गळतो का, ते आकड्यात बघायचं. रात्री सगळे नळ बंद करा, फ्लश करायचं नाही असं घरात सांगून ठेवा.

मीटरवरून थेट पाणी येत असेल तर रीडिंगचा फोटो काढा. मीटरवर आकड्यांशिवाय एक लहानशी चक्री किंवा त्रिकोण असतो. सगळं बंद असताना ती एकाच दिशेने हळूहळू फिरत असेल तर पाणी कुठेतरी चाललंय. पुढे-मागे नुसती थरथरत असेल तर तो रस्त्यावरच्या दाबातला चढउतार, गळती नाही. सकाळी परत फोटो काढा. मीटरवरचं एक पूर्ण युनिट म्हणजे १ घनमीटर, म्हणजे १,००० लिटर. लिटरचे आकडे बहुधा लाल असतात, बघायचे ते लाल. रात्रीच्या आठ तासांत ६ लिटर गेले तर दिवसाला १८. एवढं पाणी नळातून गळालं तर कुणाला कळणारही नाही, पण भिंतीत रोज मुरलं तर महिन्याभरात खोली कुबट होते.

टाकीवरून पाणी येत असेल तर टाकीत येणारं पाणी बंद करा, आतल्या पातळीवर खूण करा, सकाळी किती उतरली ते मोजा. गोल टाकीचा व्यास १ मीटर असेल तर १ सेंटिमीटर उतार म्हणजे जवळपास ८ लिटर. मग दुसऱ्या रात्री तीच तपासणी टाकीचा बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करून करा. तरीही पातळी उतरली तर टाकीच गळते किंवा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. घराच्या पाइपांना तोवर दोष देऊ नका.

मीटरवाल्यांनी आणखी एक करायचं: घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून चक्री बघायची. थांबली तर गळती घरात. फिरतच राहिली तर मीटर आणि घर यांच्या मधल्या, बहुधा जमिनीखालच्या, पाइपात. तिथे घरातली एकही टाइल काढून उपयोग नाही.

मीटर अजिबात हललं नाही म्हणून पाइप निर्दोष सुटले असं मात्र नाही. अगदी बारीक थेंब कित्येक मीटरना जाणवत नाहीत, म्हणून रात्रभराचं रीडिंग लागतं. आणि वापरतानाच गळणाऱ्या जागा या तपासणीत दिसतच नाहीत.

४. मूकपणे पाणी खाणाऱ्या वस्तू

मीटर फिरतंय म्हटल्यावर लोक थेट भिंतीकडे बघतात. थांबा. भिंतीत एक थेंबही न मुरता पाणी जाण्याच्या जागा घरात आहेत, त्या आधी बाद करा. नाहीतर मीटरचा आकडा एका गळतीचा आणि ओल दुसरीचीच, असा घोळ होतो.

पहिला संशयित फ्लशची टाकी. तिच्यात खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचं रबर बसत नाही. बहुतेक वेळा त्याच्यावर क्षाराचा थर चढलेला असतो. भिंतीतल्या टाकीचं झाकण काढणं अवघड वाटत असेल तर भांड्याची मागची आतली बाजू कोरडी पुसा आणि तिथे टिश्यू पेपर चिकटवा. पेपर ओला झाला की उत्तर मिळालं. पाणी वरच्या ओव्हरफ्लो नळीतून जात असेल तर फ्लोट (टाकीतला तरंगता गोळा) खाली करा. पातळी नळीच्या तोंडापासून दोन-अडीच सेंटिमीटर खाली असावी.

दुसरा, पाणी शुद्ध करायचं आरओ यंत्र. टाकी भरल्यावर त्याचं टाकाऊ पाणी थांबायला हवं. आतला बंद करणारा व्हॉल्व्ह गेला की ती बारीक नळी दिवसरात्र सिंकखाली वाहत राहते आणि कुणाचं लक्ष जात नाही. नळीचं टोक पेल्यात धरून बघा.

तिसरा, गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. पाणी तापताना प्रसरण पावतं, तेव्हा काही थेंब पडणं नेहमीचं. गिझर थंड असताना दिवसभर ठिबकत असेल तर व्हॉल्व्ह खराब किंवा लाइनचा दाब जास्त. ते तोंड कधीही डमी (बूच) लावून बंद करू नका. दाब सोडायची वाट बंद झालेला गिझर फुटू शकतो.

५. उघडे सांधे

सिंकखालचं सामान बाहेर काढा. सगळं. अर्धवट सरकवून टॉर्च मारला तर काही दिसत नाही. अँगल कॉक (भिंतीतून बाहेर येणारा छोटा नळ), कनेक्शन पाइपाची दोन्ही टोकं, वेस्ट कपलिंग (बेसिनच्या भोकातली जाळीची जोडणी), बॉटल ट्रॅप (बेसिनखालची बाटलीसारखी वाटी), कपडे धुण्याच्या यंत्राचा नळ: प्रत्येक सांधा आधी कोरडा पुसायचा, मग त्याच्याभोवती टिश्यू पेपर फिरवायचा. बोटाला न कळणारा ओलावा पेपरवर लगेच उमटतो. मग बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडा आणि पुन्हा पेपर फिरवा. बॉटल ट्रॅपचा वॉशर बारीक धारेला टिकतो, भरल्या बेसिनच्या लोंढ्याला टिकत नाही.

अँगल कॉक भिंतीत शिरतो तिथल्या गोल पत्र्याच्या कपलीकडे खास बघा. ती पुढे सरकवा. आतल्या आट्यांवरचा थेंब कपलीच्या मागून थेट टाइलमागे जातो, समोर काहीच येत नाही. माझ्या ‘न सापडणाऱ्या’ गळत्यांतल्या कितीतरी या कपलीमागे सापडल्यात. उपाय पाणी बंद करून कॉक काढण्याचा, आट्या साफ करून नवी टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळण्याचा. पान्याने नुसतं आवळत बसू नका. भिंतीत सीपीव्हीसीचा (प्लॅस्टिकचा) एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, असेल तर जास्त जोराने तो तडकतो, आणि तडा कधीकधी काही महिन्यांनी गळायला लागतो. तेव्हा कुणालाच आठवत नाही की आपणच आवळलं होतं.

६. एका दिवशी एकच वापर

पेन्सिलच्या रेघेने ‘वापरताना वाढते’ असं सांगितलं असेल तर खरी तपासणी ही. बाथरूमचा वापर शक्य असेल तर दोन-तीन दिवस बंद ठेवा, ओल जरा मागे हटू द्या. मग एका दिवशी एकच गोष्ट करा आणि पुढची करण्याआधी पूर्ण दिवस थांबा, कारण सिमेंटमधून पाणी यायला तास लागतात.

पहिल्या दिवशी दोन-तीन बादल्या पाणी थेट नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या तोंडात) ओता, फरशी ओली न करता. ओल वाढली तर ट्रॅप किंवा त्याच्यापुढचा पाइप. दुसऱ्या दिवशी फक्त फरशीवर पाणी सोडा. वाढली तर फरशीचे सांधे किंवा खालचं वॉटरप्रूफिंग. तिसऱ्या दिवशी फक्त भिंतीच्या टाइलवर पाणी मारा. चौथ्या दिवशी शॉवर चालवा, पण पाणी कुठेच उडू न देता.

हा चौथा दिवस मी एका घराकडून शिकलो. त्यांनी बाथरूमची फरशी तीनदा नवी केली होती. मीटर रात्रभर ढिम्म हलत नव्हतं, नहाणी ट्रॅप ठणठणीत, तरी आंघोळी झाल्या की संध्याकाळपर्यंत पलीकडच्या खोलीची भिंत ओली. शेवटी शॉवरच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी रबराने बांधली, तळाला भोक पाडून तिथे एक नळी बसवली आणि नळीचं टोक बादलीत सोडलं. शॉवर हळू उघडून वीस मिनिटं चालवला, मधूनमधून बादली बदलली. बाथरूमच्या फरशीवर थेंब नाही, आणि दुपारी पेन्सिलच्या रेघेबाहेर दोन बोटं ओल. शॉवरचा दांडा भिंतीत शिरतो तिथला आट्यांचा एल्बो गळत होता. मिक्सरच्या (गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळाच्या) अलीकडचे पाइप कायम दाबाखाली असतात, ते मीटरवर दिसतात. मिक्सर ते शॉवर हा तुकडा मात्र शॉवर उघडल्यावरच भरतो, म्हणून रात्रीच्या तपासणीत तो कायम निर्दोष सुटतो. दुरुस्तीला लागला एक एल्बो आणि दोन टाइल. तीन फरशा गेल्या त्या गेल्याच.

७. पाणी कोंडून ठेवणं

फरशीवर संशय ठरला तर खात्री करून घ्या. नहाणी ट्रॅपचं तोंड रबरी बुचाने किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या ओल्या कापडाने घट्ट बंद करा. उंबरठ्याच्या खाली राहील इतकं, दोन-अडीच सेंटिमीटर पाणी भरा आणि कोपऱ्यात पातळीची खूण करून २४ तास ठेवा. शेजारी एका ताटलीत पाणी ठेवून तिथेही खूण करा. दोन्हींत सारखंच उतरलं तर ते उडून गेलेलं पाणी. फरशीवरचं जास्त उतरलं आणि खाली ओल आली तर फरशी गळते. नुसतं जास्त उतरलं आणि खाली काही नाही, तर आधी बूच तपासा.

पाणी टिकलं तर बूच एकदम काढा आणि खाली बघत राहा. कोंडलेलं असताना कोरडं आणि सोडल्यावर ओलं, याचा अर्थ फरशी चांगली आहे, गळतोय तो ट्रॅपच्या पुढचा पाइप. या एका फरकाने सबंध फरशी उखडणं टळतं.

खालच्या घराचं छत आधीच फुगलेलं असेल किंवा तिथल्या दिव्यातून पाणी येत असेल तर ही तपासणी करू नका.

८. लाइन वेगळ्या करणं आणि ऐकणं

मीटर फिरतंय, फ्लश-आरओ-गिझर निर्दोष सुटले, उघडे सांधे कोरडे. म्हणजे भिंतीतला पाइप. आता भाग पाडायचे. गिझरकडे जाणारा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून मीटर बघा. थांबलं तर गिझर किंवा गरम पाण्याची लाइन. मग एकेका बाथरूमचा, स्वयंपाकघराचा व्हॉल्व्ह. जुना गेट व्हॉल्व्ह कधीकधी फिरतो पण बंद होत नाही, म्हणून बंद केल्यावर त्या लाइनचा नळ उघडून पाणी खरंच थांबलं का, ते बघायचं. वर्षानुवर्षं न हललेला व्हॉल्व्ह जोर लावून फिरवू नका, दांडा हातात येतो.

कोणत्या लाइनवर आहे हे कळलं की उत्तररात्री, रस्ता शांत असताना ऐका. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक नळावर किंवा अँगल कॉकवर टेकवा आणि मुठीला कान लावा. दाबाने सुटणारं पाणी सतत सुसकारतं. सर्वांत मोठा आवाज येईल तो नळ गळतीच्या जवळचा. लोखंडी पाइपात आवाज लांबवर जातो, प्लॅस्टिकमध्ये लवकर विरतो. म्हणून प्लॅस्टिकच्या लाइनवर काही ऐकू आलं नाही तर त्याचा अर्थ काहीच काढू नका.

भिंतीवर नजरही फिरवा. मधल्या सरळ पाइपापेक्षा सांधे जास्त गळतात, हा माझा अनुभव. जीआय (जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडी) पाइपाची आट्यांजवळची भिंत पातळ झालेली असते, गंज तिथूनच आरपार जातो. याला एकच ठळक अपवाद: खिळा. नळाच्या किंवा स्विचसारख्या दिसणाऱ्या कन्सील्ड (भिंतीत दडवलेल्या) व्हॉल्व्हच्या सरळ वर, सरळ खाली किंवा त्याच उंचीवर आडवा एखादा स्क्रू ठोकलाय का? स्क्रू पाइपात घुसला तरी तोच बुचासारखा बसतो. गळायला लागतं ते तो गंजल्यावर, किंवा कुणीतरी आरसा काढायला तो बाहेर काढल्यावर.

इथे थांबा

पुढचं काम घरच्या हत्यारांचं नाही. दाबाची चाचणी करताना प्लंबर गिझर वेगळा करतो, सगळ्या तोंडांना डमी लावतो आणि हातपंपाने लाइन नेहमीच्या दाबाच्या साधारण दीडपट भरून काटा उतरतो का ते बघतो. जुनी लाइन यात एखादवेळी दुसरीकडेही सुटते, म्हणून दुरुस्तीची तयारी असलेल्या माणसानेच ही चाचणी करावी.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर मात्र वरची यादी पूर्ण करत बसू नका, लगेच माणूस बोलवा:

- विजेच्या बोर्डातून किंवा दिव्यातून पाणी, किंवा ओल्या भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या. वीज मुख्य स्विचवरून बंद करायची, पण तो स्विचच ओला असेल तर त्याला हात न लावता वीज कंपनीला कळवायचं.
- छत किंवा पीओपी पोटासारखं खाली आलंय. खालून काठीने टोचायचं नाही. खोली रिकामी करा.
- स्लॅबच्या ओलीत गंजाचे तांबूस ओघळ, काँक्रीटचे पापुद्रे सुटलेले, सळई दिसतेय. हे प्लंबरचं नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम आहे.
- ओलीला सांडपाण्याचा वास येतोय.
- मीटर तासाला दहा-वीस लिटर धावतंय. मुख्य व्हॉल्व्ह बंद ठेवा, लागेल तेवढ्यापुरताच उघडा.
- सगळं करूनही गळती जमिनीखाली किंवा स्लॅबच्या पोटात आहे असंच दिसतंय.

यंत्रं घेऊन येणाऱ्याला तो काय वापरणार ते विचारा. थर्मल कॅमेरा भिंतीच्या आत बघत नाही, तो फक्त पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. गरम पाण्याची लाइन त्याला छान सापडते, थंड लाइनला चुकू शकतो. आवाज ऐकणारं यंत्र लोखंडावर चांगलं चालतं. प्लॅस्टिकच्या खोल पाइपासाठी लाइन रिकामी करून हायड्रोजन-नायट्रोजनचं मिश्रण भरतात आणि वायू कुठून वर येतो ते हुंगणारं यंत्र फिरवतात. हायड्रोजन त्यात ५ टक्केच असल्यामुळे ते पेटत नाही. कुठलंही यंत्र न लावता ‘इथे फोडून बघू’ म्हणणाऱ्याला तुमची वही दाखवा आणि इथेच का, ते विचारा. उत्तर धड आलं नाही तर छिन्नी हातात देऊ नका.

दुरुस्तीनंतर

सांधा बदलला की लगेच प्लास्टर मारू देऊ नका. प्लास्टिकच्या पाइपाला सोल्युशन (सांधा चिकटवायचा डिंक) लावलं असेल तर डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण होऊ द्या, मग पाणी सोडा आणि रात्रभर खड्डा उघडा ठेवून मीटर पुन्हा बघा. दोन गळत्या एकाच वेळी असणं दुर्मीळ नाही, विशेषतः त्याच हाताने त्याच दिवशी केलेल्या सांध्यांत.

रंगाची घाई करू नका. ढोबळ हिशेब असा की भिंत महिन्याला साधारण २५ मिलिमीटर जाडीने वाळते. आत पाणी असताना वरून रंग मारला की पुढच्या मोसमात तोच पोपडा आणि ‘गळती परत आली’ अशी तक्रार. जुनी पेन्सिलची रेघ पुसू नका. ओल तिच्या आत सरकत राहिली तर दुरुस्ती बसली. रेघ ओलांडली तर मला फोन करायचा, रंगाऱ्याला नाही.

आणि खड्डा बुजवायच्या आधी पाइपाचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून, कोपऱ्यापासून किती आणि फरशीपासून किती ते दिसेल असा. एका घरात असा फोटो सिंकखालच्या दाराला आतून चिकटवलेला होता. तिथे पुन्हा गळती झाली तेव्हा एकच टाइल काढली, आणि सांधा तिच्याच मागे होता.